शेवटच्या रांगेतले कॅन : विमानतळ आणि विमानांना बिअर पुरवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिगत एका मध्यम आकाराच्या ब्रुअरीची, एका विमान कंपनीची आणि एका मोठ्या विमानतळाची आहे. तिघांचीही नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ब्रुअरीत मालपुरवठ्याचं नियोजन माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढे जे चुकलं म्हणून सांगणार आहे, त्यातल्या बऱ्याच कागदांवर माझीच सही आहे.

आमचा मुख्य माल म्हणजे साधी लागर बिअर, अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास. ती ३३० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत आणि ५० लिटरच्या केगमध्ये, म्हणजे पोलादी पिंपात, जायची. ब्रुअरीतून घाऊक व्यापारी, तिथून दुकानं आणि बार, ही वाट आम्हाला पाठ होती. मग विमान कंपनीचं पत्र आलं. लांब पल्ल्याच्या आणि देशांतर्गत, दोन्ही फेऱ्यांत आमची लागर ठेवायची होती. त्याच सुमारास त्याच विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या पलीकडे दोन बार चालवणाऱ्या कंपनीनेही केगची मागणी केली. आम्ही दोन्ही पत्रं एकाच फाइलीत लावली आणि फाइलीवर ‘विमानतळ’ असं लिहिलं. पहिली चूक तिथेच झाली.

दोन गिऱ्हाइकं, दोन वाटा

बाहेरून बघताना वाटतं की विमानतळ ही एकच जागा आहे, तेव्हा माल एकाच फाटकातून आत जात असेल. तसं नसतं. टर्मिनलमधल्या बारला जाणारी बिअर हा ‘विमानतळावरचा पुरवठा’ आणि विमानात चढणारी बिअर हा ‘विमानातला पुरवठा’. विमान वाहतुकीच्या सुरक्षेचे जागतिक निकष आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १७ मध्ये आहेत आणि देशोदेशीचे नियम त्यांवर उभे आहेत. युरोपीय संघाच्या २०१५/१९९८ या अंमलबजावणी नियमात तर दोन्हींची प्रकरणंच वेगळी आहेत : आठवं विमानातल्या पुरवठ्याचं, नववं विमानतळावरच्या. पहिल्यासाठी पुरवठादाराला मान्यता विमान कंपनीच्या बाजूने मिळते, दुसऱ्यासाठी विमानतळ चालवणाऱ्याकडून. एक हातात असली म्हणून दुसरी मिळत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रवस्फोटकांचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर हातसामानातल्या द्रवांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. काही विमानतळांनी अलीकडे ती सैल केली असली तरी बऱ्याच ठिकाणी प्रवाशाची स्वतःची बाटली तपासणीच्या अलीकडेच राहते, त्यामुळे पलीकडच्या बारमध्ये ओतला जाणारा प्रत्येक थेंब मालाच्या फाटकातूनच आत आलेला असतो. विमानातही तेच. अमेरिकेच्या नियमांत तर स्पष्ट आहे की विमान कंपनीने स्वतः दिलेली दारूच प्रवाशाने विमानात प्यायची, सोबत आणलेली नाही. म्हणजे मागणी हक्काची, पण वाट अरुंद.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. विमान कंपनी बिअर विकत घेते, पण हातात घेत नाही. माल जातो केटररकडे, म्हणजे विमानातलं खाणंपिणं भरून देणाऱ्या कंपनीकडे. विमानतळाला लागून त्याची मोठी इमारत असते. तिथे ड्यूटी न भरलेल्या मालाचं बाँडेड गोदाम असतं, शीतघर असतं, ट्रॉल्या धुण्याची जागा असते आणि टेबलांच्या लांबलचक रांगेवर ड्रॉवर भरणारे लोडर असतात. कुठल्या फेरीच्या कुठल्या ट्रॉलीत, कितव्या ड्रॉवरमध्ये किती कॅन, हे लोडिंग चार्टवर लिहिलेलं असतं आणि लोडर त्या चार्टबाहेर एक कॅनही ठेवत नाही. आमची बिअर विमानात किती, कुठे आणि कशा अवस्थेत असणार हे ठरवणारा कागद हाच. करारावर सह्या होऊन दोन महिने उलटले तरी आम्ही तो पाहिलाही नव्हता.

पहिला निर्णय : भरायची कशात

तीन पर्याय होते. बाटली आमच्याकडे तयार होती आणि दिसायलाही छान होती. पण ३३० मिलिलिटरची रिकामी काचेची बाटली साधारण २०० ग्रॅम भरते, तेवढ्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन १३ ग्रॅमच्या आसपास. शंभर नगांमागे १८ किलोंहून जास्त फरक. विमानात नेलेल्या जादा वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के इंधन दर तासाला जळतं, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे आठ तासांच्या फेरीत नुसत्या काचेपायी साडेचार ते सहा किलो इंधन. शिवाय बिअर पिऊन झाली तरी काच विमानातच राहते, तिचं वजन उतरेपर्यंत वाहावंच लागतं. बाटली तिथेच बाद झाली.

दुसरा पर्याय नळाच्या बिअरचा. आमच्या विक्री विभागाला त्याचं फार आकर्षण होतं, कारण केएलएम या डच विमान कंपनीने २०१६ मध्ये हाइनिकन या ब्रुअरीबरोबर नळाच्या बिअरची ट्रॉली विमानात आणली होती. पण नेहमीचा नळ कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालतो आणि दाबाखालच्या वायूचं असं सिलिंडर केबिनमध्ये चालत नाही. त्यांना हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा ट्रॉलीत बसवावी लागली होती. आमच्याकडे ना तशी यंत्रणा होती, ना ती विकसित करायला वेळ. राहिला कॅन.

कॅन भरण्याची लाइन आमच्याकडे नव्हती, ते काम बाहेर दिलं. इथपर्यंत ठीक होतं. मग प्रश्न आला कॅनच्या आकाराचा. नेहमीचा ३३० मिलिलिटरचा कॅन ६६ मिलिमीटर रुंद आणि ११५ मिलिमीटर उंच असतो. तेवढीच बिअर मावणारा सडपातळ कॅन ५८ मिलिमीटर रुंद आणि १४६ मिलिमीटर उंच. सडपातळ कॅन हातात सुबक दिसतो. विमान कंपनीच्या लोकांनाही तो आवडला. छापील कॅनची ऑर्डर थोडीथोडकी देता येत नाही, म्हणून आम्ही बऱ्याच महिन्यांचे रिकामे कॅन एकदम छापून घेतले.

विमानातली ट्रॉली ठरलेल्या साच्यात येते. अ‍ॅटलास आणि केएसएसयू हे दोन साचे सगळ्यांत रुळलेले. पूर्ण आकाराची ट्रॉली सुमारे ३० सेंटिमीटर रुंद, ८० सेंटिमीटर खोल आणि मीटरभरापेक्षा थोडी जास्त उंच असते. आत दोन्ही बाजूंना खाचा असतात आणि त्या खाचांवर ड्रॉवर सरकतात. या विमान कंपनीच्या चार्टप्रमाणे बिअरच्या ड्रॉवरला मिळणारी मोकळी उंची साडेबारा सेंटिमीटर होती. आमचा कॅन साडेचौदाच्या वर.

पहिली खेप केटररकडे उतरली त्या दुपारी तिथल्या सुपरवायझर बाईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमचे कॅन उभे राहत नाहीत. आडवे ठेवले तर गडगडतात. मी काय करू, सांगा.” मी काय सांगणार? वरची एक खाच रिकामी सोडून ते उभे राहिले असते, पण मग प्रत्येक ट्रॉलीतून दुसऱ्या कुठल्या तरी पेयाचा एक ड्रॉवर काढावा लागला असता आणि विमान कंपनी त्याला तयार नव्हती. शेवटी बुटक्या कॅनसाठी नव्याने छपाई केली. सडपातळ कॅन टर्मिनलच्या बारमधल्या फ्रिजांत गेले. त्यांना संपायला फार वेळ लागला.

दुसरा निर्णय : सील

पहिल्या महिन्यात आम्ही एकाच ट्रकमध्ये केटररचे कॅन आणि बारचे केग एकत्र पाठवायचो. फाइल एक, वाट एक, म्हणून ट्रकही एक. ब्रुअरीत माल चढला की दाराला नंबराचं सील लागायचं आणि तो नंबर चलनावर लिहिला जायचा.

एका शुक्रवारी ट्रक आधी केटररकडे गेला. सील तोडलं, कॅन उतरवले, ड्रायव्हरने जवळचं दुसरं सील लावलं आणि तो केग घेऊन विमानतळाच्या मालफाटकावर पोहोचला. फाटकावरच्या माणसाने सीलचा नंबर एकेक आकडा बोटाने दाखवत वाचला. मग चलनावरचा वाचला. मग पुन्हा सीलवरचा. ड्रायव्हर म्हणत होता, “अहो, सील तर आहे ना?” सील होतं, पण कागदावर होतं ते हे नव्हे. ज्याच्या सीलचा माग कागदावर लागत नाही तो माल अनोळखी, आणि अनोळखी माल तपासल्याशिवाय आत जात नाही. कॅनची खोकी एक्स-रेतून काढता येतात. पोलादी भिंतीचा, पन्नास लिटर द्रवाने भरलेला, साठ किलोंहून जड केग एक्स-रेवर नुसता काळा ठोकळा दिसतो. केग परत आले. शनिवार-रविवार दोन्ही बारचे नळ कोरडे राहिले.

त्या माणसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याने त्याचं काम केलं. चूक आमच्या मार्गआखणीची होती.

पुढे दोन पर्याय समोर आले. एक, बारच्या मालासाठीही आपणच मान्यता घ्यायची : सुरक्षा कार्यक्रम लिहायचा, जबाबदार माणूस नेमायचा, कामगारांचं प्रशिक्षण करायचं, जागेची पाहणी होऊ द्यायची. दोन, ज्या घाऊक व्यापाऱ्याकडे ती मान्यता आधीपासून आहे आणि जो रोज ठरलेल्या वेळेला फाटकातून आत जातो, त्याच्याकडे केग सोपवायचे. विक्री विभागाला पहिला हवा होता, कारण बारशी थेट संबंध राहिला असता. मी दुसऱ्याच्या बाजूने होते आणि आजही तोच बरोबर वाटतो. केगचं काम नुसतं आत नेण्याचं नसतं, रिकामे केग बाहेरही आणावे लागतात. त्याशिवाय उड्डाणं रखडली की बारची मागणी एका संध्याकाळीत उसळते. अशा वेळी आठवड्यातून दोनदा येणाऱ्या ब्रुअरीच्या ट्रकचा काय उपयोग? केटररच्या कॅनसाठी मात्र आम्ही स्वतः मान्यता घेतली आणि त्यांचा ट्रक वेगळा केला. ब्रुअरीत लागलेलं सील केटररच्या दारातच तुटेल, मध्ये कुठेही नाही, एवढा एकच नियम ड्रायव्हरांना दिला.

एकच कॅन, दोन हिशेब

हा भाग थोडक्यात सांगते, कारण तो किचकट असला तरी एकदा बसवला की त्रास देत नाही. आंतरराष्ट्रीय फेरीत वापरायचा साठा सर्वसाधारणपणे ड्यूटीतून मोकळा असतो. विमानात आलेला आणि विमानातच राहून परत जाणारा साठा ड्यूटीमुक्त, हे १९४४ च्या शिकागो कराराच्या कलम २४ मध्येच आहे आणि आयकाओचं परिशिष्ट ९ त्यापुढचा तपशील देतं. देशांतर्गत फेरीतला कॅन मात्र दुकानातल्या कॅनसारखाच ड्यूटी भरलेला हवा. एकाच विमानाने सकाळी परदेशातून यायचं आणि दुपारी देशातच कुठे तरी जायचं, असं रोज घडतं. म्हणून उतरण्याआधी क्रू बाँडच्या, म्हणजे ड्यूटी न भरलेल्या मालाच्या, ट्रॉल्यांना सील लावून नंबर फॉर्मवर लिहितो आणि दुपारच्या फेरीला दुसऱ्या ट्रॉल्या चढतात.

आमचे दोन्ही हिशेबांचे कॅन हुबेहूब सारखे होते. केटररच्या गोदामात दोन्ही हिशेबांचा माल वेगळा ठेवणाऱ्या जाळीच्या चुकीच्या बाजूला एक पॅलेट गेलं आणि महिन्याच्या मोजणीत बाँडमध्ये माल जास्त, बाहेर कमी असं निघालं. कागद जुळेपर्यंत ते पॅलेट तसंच पडून राहिलं. दोन वेगळे कॅन छापणं परवडणारं नव्हतं, म्हणून ड्यूटी भरलेल्या खोक्यांना चारी बाजूंनी जाड निळा पट्टा छापला. पॅलेट कुठूनही बघितलं तरी पट्टा दिसतो. तेवढ्याने भागलं.

खरी अडचण : उन्हाळ्यातल्या तीन तक्रारी

पहिल्या उन्हाळ्यात विमान कंपनीकडून तीन तक्रारी एकामागून एक आल्या. कॅन उघडताना फेस उसळतो. काही कॅन बुडाशी फुगलेले निघतात, एखादा फुटतो. आणि तिसरी, जी मला सगळ्यांत जास्त लागली : काही प्रवासी म्हणतात, बिअर शिळी लागते.

आमच्या बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागल्यासारखं झालं. उंचीवर दाब कमी, म्हणून फेस; दाब कमी, म्हणून कॅन फुगतात; आणि उंचीवर जिभेची चव मंदावते, म्हणून बिअर शिळी वाटते. एका कारणात तिन्ही तक्रारी बसत होत्या, म्हणून सगळ्यांना ते पटलं. त्यावर उपायही सुचवला गेला : विमानासाठी वेगळी बिअर, वायू थोडा कमी आणि चव थोडी ठळक. कॅथे पॅसिफिक या हाँगकाँगच्या विमान कंपनीने २०१७ मध्ये ‘बेट्सी’ ही खास उंचीसाठी बनवलेली बिअर आणली होती, तिचा दाखला दिला गेला.

सुदैवाने आमच्या गुणवत्ता विभागातल्या सहकाऱ्याने आकडे मांडायला लावले. केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८००० फुटांवरच्या हवेइतका उतरू दिला जातो, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश. काही नव्या विमानांत, उदाहरणार्थ बोइंग ७८७ मध्ये, ६००० फुटांइतकाच. म्हणजे बाहेरचा दाब फार तर पाव बारने कमी होतो (बार हे इथे दाबाचं माप, समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब साधारण १ बार). बिअरचा कॅन सुमारे ६ बार सोसेल असा बनवलेला असतो. पाव बारने तो फुगणार कसा? कोमटपणाने जास्त फरक पडतो : कॅन ४ अंशांवरून २० अंशांवर गेला की बाहेरच्या हवेच्या तुलनेत आतला जादा दाब दुपटीहून जास्त होतो. तरीही तो कॅनच्या सहनशक्तीच्या आतच असतो. मग फुगलेल्या कॅनचं कारण दुसरंच कुठलं तरी असणार होतं.

मी केटररकडे गेले आणि एक पूर्ण पाळी लोडरांच्या टेबलाशी उभी राहिले. हे मी करार होण्याआधी करायला हवं होतं.

तिथे दोन गोष्टी दिसल्या. पहिली थंडाव्याची. उन्हाळ्यात विमानतळाच्या फरशीवर उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांना गार ठेवायला वरच्या ट्रेमध्ये ड्राय आइसच्या, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, वड्या ठेवत होते. त्या ट्रेच्या लगेच खाली आमचा ड्रॉवर. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांचा असतो आणि त्याचा गार वायू जड असल्यामुळे सरळ खाली उतरतो. आमच्यासारखी बिअर उणे २ ते ३ अंशांच्या आसपास गोठायला लागते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के पसरतं आणि भरलेल्या कॅनमध्ये तेवढी जागाच नसते, म्हणून बुडाचा आत वळलेला घुमट बाहेर उलटतो. सुपरवायझर बाईंनी मला एक कॅन दाखवला : टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा डुलायचा. उघडला तर बिअरमध्ये बारीक पांढरे कण तरंगत होते, गोठून वितळलेल्या बिअरमध्ये येतात तसे. याच ट्रॉलीतले खालच्या ड्रॉवरमधले कॅन मात्र कोमट होते. आम्ही तापमान नोंदणारं छोटं यंत्र त्यात ठेवून एका फेरीला पाठवलं, तर उड्डाणाला उशीर झालेल्या त्या दुपारी खालचा ड्रॉवर २० अंशांच्या पुढे गेला होता. म्हणजे फेस आणि फुगवटा या दोन तक्रारी एकाच ट्रॉलीतून, पण उलट कारणांनी येत होत्या.

दुसरी गोष्ट कळायला जास्त वेळ लागला. परत आलेल्या ट्रॉलीतला ड्रॉवर लोडर अर्धा बाहेर ओढायचा, पुढे जितक्या जागा रिकाम्या तितके नवे कॅन बसवायचा आणि आत ढकलायचा. दहा-बारा सेकंदांचं काम. विमानातही तेच घडतं : अरुंद वाटेत ट्रॉली उभी करून क्रू ड्रॉवर हातभर ओढतो आणि पुढचे कॅन देतो. मागच्या दोन रांगांपर्यंत कुणाचा हात पोहोचतच नाही. मी एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायला सांगितला. शेवटच्या रांगेतल्या कॅनच्या बुडावरची भरल्याची तारीख वाचली. पुढच्या रांगेतल्या कॅनपेक्षा ते पाच महिने जुने होते.

पाच महिने ते कॅन विमानात फिरत होते. गार होत होते, तापत होते, पुन्हा गार होत होते. बिअर शिळी होण्याबद्दल ब्रुअरीत एक ढोबळ नियम सांगतात : ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, तिन्हीत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. त्या शेवटच्या रांगेतला एक कॅन आम्ही तिथेच उघडून चाखला. ओल्या पुठ्ठ्याची चव. प्रवाशांची जीभ अगदी बरोबर होती. आणि आम्ही बैठकीत बसून त्यांच्या जिभेला दोष देत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

पर्याय कसे तोलले

वेगळी बिअर बनवण्याचा पर्याय आम्ही सोडला. कोरड्या आणि कमी दाबाच्या हवेत चव बदलते, हे खरं आहे. लुफ्तान्साने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून तसा अभ्यासही करून घेतला होता. पण आमची तक्रार त्यातून आलेली नव्हती. नवी बिअर त्याच शेवटच्या रांगेत जाऊन तितकीच शिळी झाली असती आणि शिवाय विमान कंपनीसाठी वेगळा साठा सांभाळावा लागला असता.

थंडाव्यासाठी ड्राय आइस पूर्ण बंद करा, असं मी सुचवलं. केटररने नकार दिला आणि त्याचं बरोबर होतं, कारण त्याच ट्रॉलीत दूधही असतं. दुसरा मार्ग निघाला : बिअर आदल्या रात्रीपासून शीतघरात २ ते ४ अंशांवर ठेवायची, म्हणजे ड्राय आइसवर भिस्त कमी राहील, आणि ड्राय आइसच्या ट्रेखाली पाण्याचे डबे नाही, कॅन तर नाहीच, कपांचा आणि रुमालांचा ड्रॉवर ठेवायचा.

जुन्या कॅनसाठी सगळ्यांत पक्का उपाय म्हणजे प्रत्येक फेरीनंतर ड्रॉवर पूर्ण रिकामा करून तारखेप्रमाणे लावणं. त्याला माणसं लागतात, आणि दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात ते शक्यच नव्हतं. मागून भरा असं लोडरांना नुसतं सांगणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय होता आणि तो आठवडाभरात विसरला गेला असता. टेबलाशी उभं राहिल्यावर घाई म्हणजे काय ते कळतं. मी त्यांच्या जागी असते तरी पुढूनच भरले असते.

काय केलं

लोडिंग चार्ट बदलला. बिअरचा ड्रॉवर ड्राय आइसपासून दोन खाचा खाली गेला. कॅन भरण्याच्या ठिकाणी प्रत्येक महिन्याच्या मालाच्या झाकणाला ठरलेल्या रंगाचा ठिपका लागू लागला, कारण बुडावरची बारीक तारीख बघायला कॅन उचलावा लागतो आणि ठिपका वरूनच दिसतो. आठवड्यातून एका रात्री, फेऱ्या कमी असताना, बिअरचे सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून बदलायचे आणि जुन्या रंगाचे कॅन बाजूला काढायचे, हे काम करारात लिहून घेतलं. त्या कामाचा मोबदला आम्ही देऊ केला. यावर आमच्याकडे मोठी कुरकुर झाली : माल विकून झाला, आता तो विमान कंपनीचा, मग त्याच्या रांगा लावायला आपण पैसे का द्यायचे? माझं उत्तर एवढंच होतं की कॅनवर नाव आपलं आहे.

सोबत भरण्याचं वेळापत्रकही बदललं. तीन महिन्यांतून एकदा मोठी खेप भरण्याऐवजी दर महिन्याला लहान खेप. त्यासाठी कॅन भरणाऱ्याशी पुन्हा बोलणी करावी लागली आणि ती सोपी नव्हती.

निकाल

चार्ट बदलल्यानंतर फुगलेला कॅन परत आला नाही. फेसाच्या तक्रारी कमी झाल्या, संपल्या नाहीत : लहान देशांतर्गत फेऱ्यांत, विशेषतः उड्डाण रखडलं की, खालचे कॅन अजूनही कोमट होतात. शिळ्या चवीची तक्रार हळूहळू थांबली, पण दोन-तीन महिने गेले, कारण आधीपासून फिरत असलेले जुने कॅन ट्रॉल्यांतून निघायला तेवढा वेळ लागला. परदेशी तळांवर भरल्या जाणाऱ्या ट्रॉल्यांत ही आठवड्याची अदलाबदल होत नाही, त्यामुळे तिकडून येणाऱ्या ड्रॉवरांत जुना ठिपका अधूनमधून सापडतो. बारचे केग घाऊक व्यापाऱ्याकडून सुरळीत जातात.

पुन्हा करायचं झालं तर

छपाईची ऑर्डर देण्याआधी केटररकडून एक रिकामा ड्रॉवर मागवला असता. एवढी साधी गोष्ट कुणालाच सुचली नाही, कारण आम्ही विमान कंपनीशी बोलत होतो आणि ड्रॉवर केटररकडे होता. विमान कंपनीला पहिल्या भेटीत किती कॅन लागतील हे विचारण्याआधी, न उघडलेले कॅन परत कुठे जातात हे विचारलं असतं. तापमानाचं यंत्र पहिल्याच आठवड्यात पाठवलं असतं. आणि तिन्ही तक्रारींना एकच कारण पुरतंय असं वाटलं, त्या क्षणी बैठक थांबवून टेबलाशी जायला निघाले असते.

सीलच्या बाबतीत मात्र मी फारसं काही बदललं नसतं. आम्ही ते एका वाया गेलेल्या फेरीत शिकलो. विमानतळाच्या फाटकावर याहून महाग धडे मिळतात.

आता विमान कंपनीने २५० मिलिलिटरच्या कॅनबद्दल विचारलं आहे. बिअर कमी, वजन कमी, अर्धा पिऊन टाकून दिला जाणारा कॅनही कमी. कल्पना मला मनापासून आवडली आहे. केटररकडचा रिकामा ड्रॉवर आता माझ्या टेबलाखालीच असतो. नमुन्याचे कॅन आले त्या दिवशी मी ते त्यात उभे करून बघितले. त्यांची रुंदी ५३ मिलिमीटर आणि उंची १३४, म्हणजे त्या साडेबारा सेंटिमीटरच्या जागेत ते बसत नाहीत. तसं मी त्यांना त्याच संध्याकाळी लिहून कळवलं आणि बुटक्या घडणीचा नमुना मागवला आहे.